रविवारची तयारी शनिवारीच

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मी बचत गटांची सहयोगिनी. आठवड्यातले पाच-सहा दिवस माझे बैठका, बँक, हप्ते आणि रजिस्टर यांतच जातात. रेडिओवर याआधी मी दोनदा बोलले, ते गटाच्या हिशेबाबद्दल. आजचा विषय मात्र वेगळा आहे, आणि तो एका मैत्रिणीनेच दिला. बैठक रविवारी सकाळी ठेवा असं गटात ठरत होतं. मी म्हटलं, रविवारी सकाळी मला जमणार नाही, चर्चला जायचं असतं. तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "ताई, आमचा शुक्रवार असला की आम्ही उपास धरतो, ओटी भरतो. एकादशीला आदल्या दिवसापासून तयारी असते. तुमचं बघावं तर काही नाही. चांगले कपडे घालायचे, पुस्तक काखेत मारायचं आणि निघायचं. तुमची तयारी ती काय?"

मी तेव्हा हसले, पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण वहिनींनी जे पाहिलं होतं ते खरंच होतं. कित्येक रविवारी माझी तयारी तेवढीच असायची. कपडे, पुस्तक आणि निघायचं. आज त्याबद्दलच बोलणार आहे. कुणाला माझ्या धर्मात बोलावण्यासाठी नाही. देवाच्या दारात जाताना मन कसं न्यायचं हा प्रश्न अंबाबाईला जाणाऱ्या बाईलाही आहे आणि मशिदीशेजारच्या माझ्या मैत्रिणीलाही आहे. मी माझ्या घरातलं सांगते, तुम्ही तुमच्या घराशी ताडून बघा.

आधी चर्चमध्ये रविवारी काय होतं ते थोडक्यात सांगते. चर्चमध्ये जमतो त्याला आम्ही उपासना किंवा भक्ती म्हणतो, आणि जमणाऱ्या लोकांना मंडळी म्हणतो. साधारण दीड तासाची उपासना असते. गीतं होतात, प्रार्थना होते, पापांगीकार होतो, म्हणजे आठवड्यात काय चुकलं ते देवापुढे कबूल करायचं. मग पवित्र शास्त्रातला उतारा वाचतात, पाळकसाहेब त्यावर उपदेश करतात, अर्पण गोळा होतं, आणि शेवटी आशीर्वाद होतो. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जे शेवटचं जेवण घेतलं, त्याच्या आठवणीसाठी भाकरीचा छोटा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळ्यांनी मिळून घ्यायचा. कॅथलिक मंडळींत याला मिस्सा म्हणतात आणि त्यांची पद्धत वेगळी आहे, पण मूळ तेच.

ऐकायला हे सोपं वाटतं. बसायचं, ऐकायचं, गायचं. पण आता आमच्या घरातली रविवारची सकाळ डोळ्यांपुढे आणा.

कोल्हापूरचा रविवार म्हणजे मटणाचा रविवार. सकाळी सातलाच मटणाच्या दुकानापुढे रांग लागते. घरात एक जण रांगेत, दुसरा अजून अंथरुणात. तांबड्या-पांढऱ्याचं वाटण करायचं, मुलांच्या अंघोळी, धाकट्याचा एक मोजा सापडत नाही, सासूबाईंचं गोळ्यांचं पाकीट संपलेलं, कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्यात आणि उपासना नऊला. पावणेनऊला मी कुणावर तरी ओरडलेली असते. नवऱ्याबरोबर गाडीवर बसते ती न बोलता. चर्चच्या दारात पाय ठेवला की चेहरा बदलायचा, "सलाम काकू, सलाम मामी", आणि बाकावर बसायचं. पहिलं गीत सुरू होतं तेव्हा मी मनात हिशेब करत असते की गॅस बंद केला का. उपदेशाच्या वेळी झोप येते. आशीर्वाद झाला की पहिला विचार रश्श्याला फोडणी द्यायची राहिली. दीड तास मी देवाच्या घरात बसले, पण आले ती स्वयंपाकघर बरोबर घेऊनच.

मला वाटायचं, हा माझा दोष आहे, माझ्यात श्रद्धा कमी आहे. पुढे महिला मंडळात बोलताना कळलं की अर्ध्या बायकांचं हेच आहे. पुरुषाचा रविवार सुट्टीचा असतो आणि बाईचा रविवार दुप्पट कामाचा. म्हणून मन तयार करण्याची गोष्ट मी मनापासून नाही, कामापासून सुरू करते.

आमच्या शास्त्रात याला फार जुना आधार आहे. यहुदी लोकांचा विसाव्याचा दिवस म्हणजे शब्बाथ, तो शनिवारी. निर्गमाच्या पुस्तकात गोष्ट आहे की इस्राएल लोक रानातून चालत असताना देव त्यांना रोज सकाळी मान्ना नावाचं अन्न देई. रोज त्या दिवसापुरतंच गोळा करायचं. साठवलं तर त्यात किडे पडत. पण सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची मुभा होती, कारण सातव्या दिवशी कुणी बाहेर जायचं नव्हतं. म्हणजे विसाव्याच्या दिवसाची सोय आदल्या दिवशी. त्या आदल्या दिवसाला शुभवर्तमानात नावच तयारीचा दिवस असं आहे.

हे दूरदेशीचं वाटत असेल तर आपल्या कोकणातलं सांगते. अलिबागच्या बाजूला बेने इस्राएल नावाचे मराठी बोलणारे यहुदी लोक पिढ्यान् पिढ्या राहत. त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवायचा तर गिऱ्हाइकांचं तेल शुक्रवारीच काढून ठेवावं लागणार. सांगायचा मुद्दा हा की पवित्र दिवस आपोआप येत नाही. आदल्या दिवशी कुणाला तरी त्याची वाट मोकळी करावी लागते.

ख्रिस्ती लोकांनी रविवार धरला, कारण येशू मेलेल्यांतून उठला तो आठवड्याचा पहिला दिवस. आपल्याकडे रविवार खंडोबाचा, आणि आपल्या जोतिबाचाही. माघी पौर्णिमेनंतरच्या रविवारी आमच्या गल्लीतल्या बायका अनवाणी जोतिबाचे खेटे घालायला निघतात, तेव्हा मी चर्चला निघालेली असते. वाटेत एकमेकींना हात करतो. आणि गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र करून लढा दिल्यामुळे. एक दिवस तरी माणसाला माणूस म्हणून मिळावा, यासाठी कुणीतरी भांडलेलं आहे. तो दिवस आपण घरातल्या बाईलाच द्यायला विसरतो.

म्हणून आमच्या घरात पहिला बदल केला तो शनिवारचा. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांचे कपडे इस्त्री करून एका खुर्चीवर. मोजे बुटात कोंबलेले. वाटणाचं खोबरं भाजून, कांदा चिरून डब्यात. अर्पणाचे पैसे पाकिटात, म्हणजे सकाळी सुटे शोधायला नकोत. सासूबाईंच्या गोळ्या बघून ठेवायच्या. आणि रविवारी सकाळचा चहा-नाश्ता नवऱ्याने करायचा. पहिल्या रविवारी पोह्यांत मीठच नव्हतं. कुणी काही बोललं नाही, वरून मीठ घेतलं आणि खाल्लं. मटण उपासनेनंतर शिजतं. जेवायला दोन वाजतात, वाजू देत. यात अर्धा तास वाचतो, पण त्याहून मोठं म्हणजे मी कुणावर न ओरडता घराबाहेर पडते.

लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या दोन बहिणींची गोष्ट आहे. येशू त्यांच्या घरी आला. मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, आणि मार्था एकटी राबत राहिली. शेवटी चिडून ती म्हणाली, हिला सांगा मला मदत कर म्हणून. येशूने तिला प्रेमाने सांगितलं की तू फार गोष्टींची काळजी करतेस, मरीयेने चांगला वाटा निवडलाय. हा उपदेश ऐकला की मला नेहमी मार्थेची बाजू घ्यावीशी वाटते. पाहुण्यांना जेवायला कोण घालणार होतं? पण नीट वाचलं तर येशू तिच्या कामाला नावं ठेवत नाही. ती त्रासलेली आहे हे त्याला दिसतं. आणि त्या काळात बाईने गुरूच्या पायाशी बसून शिकणं लोकांना चाललं नसतं, तिथे तो म्हणतो की हा वाटा तिच्यापासून काढून घेतला जाणार नाही. मी याचा अर्थ असा घेते की घरातल्या मार्थेला बसायला मिळावं म्हणून घरातल्या सगळ्यांनी उठायला पाहिजे.

दुसरी तयारी म्हणजे कानाची. आमचे पाळक रविवारी कोणता उतारा वाचणार ते आधी सांगतात. शनिवारी रात्री जेवणं झाली की आम्ही तो उतारा घरात वाचतो. मोठी वाचते, धाकटा मध्येच प्रश्न विचारतो. कधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, मग तो प्रश्न घेऊनच मी उपदेशाला बसते आणि झोप येत नाही. नांगरलेल्या रानात पेरलं तर उगवतं, नाहीतर बी वरच्यावर राहतं आणि पाखरं खातात. पेरणाऱ्याचा दाखला येशूनेच दिलाय, आणि आपण शेतकऱ्यांच्या मुली आहोत, आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

वाचणं हे सगळ्यांना सोपं नव्हतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. कमी शिकलेल्या बायकांनाही ते कळावं, ही त्यांची तळमळ होती. १९२२ साली त्या गेल्या, तोपर्यंत हेच काम त्यांच्या हातात होतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकावं. आमच्या सासूबाईंना डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्या नातीकडून वाचून घेतात. वाचायचं त्यांच्यासाठी म्हणून नात एरवी अभ्यासाला टाळाटाळ करते तशी इथे करत नाही.

त्यानंतर एखादं गीत. कोल्हापुरात मिशनचं काम सुरू झालं ते १८५२ साली, अमेरिकेतून रॉयल वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी एलिझा आल्या तेव्हा. सुरुवातीच्या मंडळ्यांत इंग्रजी चालीवरची गीतं गायली जात. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवीच्या वळणाची गीतं लिहिली, भजन-कीर्तन उपासनेत आणलं, आणि आज महाराष्ट्रातलं बहुधा एकही मराठी चर्च नसेल जिथे टिळकांचं गीत होत नाही. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. त्यांनी विरोध केला, ताटातूट सोसली, आणि काही वर्षांनी स्वतःच्या मनाने तो निर्णय घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचली तर कळतं की मन तयार व्हायला वेळ लागतो आणि दुसरं कुणी ते तयार करून देऊ शकत नाही, अगदी नवराही नाही. आमच्या घरी शनिवारी रात्री सासूबाई टिळकांचं एखादं गीत धरतात, आवाज थरथरतो, पण मुलांना चाल पाठ झाली आहे. आणि एक नियम: गीत झालं की मोबाईल कपाटावर. रविवारी उपासना संपेपर्यंत तिथेच.

आता तिसरी तयारी. ही सगळ्यांत अवघड, आणि खरं तर हे सांगण्यासाठीच मी आज आले.

आमच्या गटात एक आक्का आहेत. वयाने माझ्या आईएवढ्या, शेंगदाण्याची चटणी करून विकतात. त्यांनी गटातून कर्ज घेतलं होतं आणि दोन हप्ते थकले. तिसऱ्या महिन्यात बँकेचं पथक येणार होतं. गटाची परतफेड नीट नसेल तर पुढचं कर्ज अडकतं, बाराजणींचं. मला टेन्शन होतं. बैठकीला आक्का नवीन लुगडं नेसून आल्या. मी रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "लुगडं घ्यायला पैसे आहेत, हप्त्याला नाहीत होय?"

दोघी-तिघी हसल्या. आक्का काहीच बोलल्या नाहीत. पिशवी उचलली आणि गेल्या. पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. मी स्वतःला समजावलं की माझं काय चुकलं? हिशेब बरोबर, नियम बरोबर, नियमित परतफेड तर आपल्या पंचसूत्रीतच आहे.

त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्री मुलगी उतारा वाचत होती. मत्तयाचा पाचवा अध्याय. त्यात येशू सांगतो की तू वेदीजवळ अर्पण घेऊन आलास, आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, आणि मग येऊन अर्पण कर. मी हा उतारा लहानपणापासून ऐकलाय. त्या रात्री पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात आली. माझ्या मनात कुणाविरुद्ध काही आहे का, असं तो विचारत नाही. दुसऱ्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का, असं विचारतो. माझ्या मनात आक्कांबद्दल काहीच नव्हतं, मी विसरूनही गेले होते. विसरल्या नव्हत्या त्या आक्का.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. ताट आमच्या बाकापर्यंत आलं आणि मी भाकरी न घेता ते पुढे दिलं. सासूबाईंना नीट दिसत नसूनही कळलं. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त माझ्या हातावर हात ठेवला.

इथे थोडं थांबून प्रभुभोजनाबद्दल सांगायला हवं. पौलाने करिंथ गावच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात तो म्हणतो की माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मगच ती भाकरी खावी. यामुळे आपल्याकडे कितीतरी बायका घाबरून ताट पुढे देतात, की मी फार पापी आहे, माझी लायकी नाही. पण पौल रागावला होता कशावर, ते त्याच अध्यायात आहे. त्या मंडळीत प्रभुभोजनाबरोबर जेवणही असे. ज्यांच्याकडे होतं ते आधी येऊन खात-पीत, आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते उपाशी राहत. गरिबांना लाज वाटायला लावली, हा त्यांचा अपराध होता. म्हणजे स्वतःची परीक्षा करायची ती यासाठी की माझ्या बाकावर, माझ्या गल्लीत, माझ्या गटात मी कुणाला खाली मान घालायला लावली का. पूर्वी स्कॉटलंडमधल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत प्रभुभोजनाआधी वडीलजन सभासदांना धातूचा छोटा बिल्ला देत. तो दाखवला तरच मेजापाशी जागा मिळे. आज तसा बिल्ला कुणी देत नाही. आपला आपणच विचार करायचा असतो.

त्या संध्याकाळी मी आक्कांकडे गेले. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. आक्का दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय गं, हप्त्याला आलीस?" मी म्हटलं, "नाही आक्का. त्या दिवशी मी चारचौघींत जे बोलले ते चुकलं माझं." आक्का बराच वेळ शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "लुगडं भाचीच्या लग्नात आहेर आलंतं. इकत घेतलं न्हवतं. तुझा हिशेब बरोबर हुता बाई, पण तू ईचारलं न्हाईस."

मला त्यावर बोलायला काही सुचलं नाही. त्यांनी चहा केला, मी घेतला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. उठताना मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली. अपमान बाराजणींसमोर केला, तर माफीही बाराजणींसमोर मागायला हवी. पुढच्या बैठकीत रजिस्टर उघडायच्या आधी मी ती मागितली. आक्का त्या दिवशी नव्हत्या. त्याच्या पुढच्या बैठकीला आल्या, अर्धा हप्ता घेऊन. उरलेल्याचे आम्ही लहान हप्ते पाडून दिले. कर्ज माफ झालं नाही, व्हायला नकोही होतं, कारण ते पैसे सगळ्या बायकांचे आहेत. आमचं नातं अगदी पहिल्यासारखं आहे असंही मी म्हणणार नाही. पण आता हप्ता थकला की मी आधी बाजूला घेऊन विचारते, "काय अडचण आहे?" हे मी कुठल्याही प्रशिक्षणात शिकले नव्हते. आणि पुढच्या महिन्यात ताट आलं तेव्हा मी भाकरी घेतली.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगते, कारण समेटाच्या उपदेशाचा बायकांवर उलटा वापर होतो. समेट कर याचा अर्थ मार खाऊन परत त्याच घरात जा, असा नाही. ज्याने हात उचलला, चूक त्याची आहे, आणि वाट चालून यायचं काम त्याचं आहे. घरात मारहाण होत असेल तर ती देवापासूनही लपवायची गरज नाही आणि माणसांपासूनही नाही. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे, तो दिवसरात्र लागतो. आपल्या गटात, मंडळीत विश्वासाच्या बाईला सांगा.

चौथी गोष्ट त्या रविवारांबद्दल, ज्या दिवशी मन तयार होतच नाही. माझे वडील गेले त्यानंतर तीन-चार महिने मी चर्चमध्ये गीत गाऊ शकले नाही. तोंड उघडलं की रडू यायचं. मला वाटायचं, अशा मनाने कशाला जायचं? तेव्हा मंडळीतल्या एक मामी म्हणाल्या, "तू गाऊ नको, नुसती बस. तुझ्या वाटचं आम्ही गातो." स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली कितीतरी रडगाणी आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती दिवस मला विसरणार, असं थेट विचारणारी. ती काढून टाकलेली नाहीत, शास्त्रातच ठेवली आहेत. म्हणजे रडकं मन, रागावलेलं मन, कोरडं मन घेऊनही जाता येतं. लूकमध्येच आणखी एक दाखला आहे. दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला गेली. एक धार्मिक परूशी, त्याने आपले उपास आणि दशांश देवाला मोजून दाखवले. दुसरा जकातदार, लोकांच्या नजरेत पापी. तो लांबच उभा राहिला, वर बघेना, एवढंच म्हणाला की माझ्यावर दया कर. येशू म्हणतो, देवाला मान्य होऊन घरी गेला तो जकातदार.

म्हणून तयारी म्हणजे परीक्षेचा अभ्यास नाही, की पुरा झाला नाही तर आत घेणार नाहीत. पाहुणा येणार म्हणून आपण अंगण झाडतो, तशी ती आहे. झाडायचं राहिलं तरी पाहुणा दारातून परत जात नाही. पण झाडलेलं असलं की आपल्यालाच त्याच्याजवळ निवांत बसता येतं.

आता बहिणींसाठी सगळं एकदा मोजून सांगते, लिहून घ्यायचं असेल तर घ्या. शनिवारी संध्याकाळी कपडे, स्वयंपाकाची पूर्वतयारी आणि अर्पण काढून ठेवा, आणि कामं घरात वाटून द्या. रात्री उतारा वाचा, एक गीत म्हणा, फोन बाजूला ठेवा. झोपताना पाच मिनिटं आठवड्यातली माणसं डोळ्यांपुढे आणा आणि स्वतःला विचारा, यांतलं कोण माझ्यामुळे दुखावलंय? नाव आठवलं तर शक्य तेव्हा जा, निदान फोन करा. उपदेश करणाऱ्या पाळकांसाठी आणि बाकावर आपल्या शेजारी बसणाऱ्या बाईसाठी प्रार्थना करा. रविवारी दहा मिनिटं आधी पोहोचा आणि गप्पांच्या आधी शांत बसा. आणि यातलं काहीच जमलं नाही, तरी घरी थांबू नका. जसं असेल तसं मन घेऊन या.

त्या वहिनींना मी हे सगळं नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, म्हणजे तुमचा उपास पोटाचा नाही, तोंडाचा आहे की!" मी म्हटलं, होय, आणि तो धरायला जास्त कठीण आहे. बैठक आम्ही शनिवारी चार वाजता ठेवली आहे. ती पाचला संपते. त्यामुळे रागाच्या भरात कुणाला काही बोललेच, तर रविवारच्या आधी तिच्या घरी जायला माझ्याकडे एक संध्याकाळ उरते.